लेकीच्या बाळंतपणाला जायचंय, पण मागे सासूबाई आहेत

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ५९, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. लेक शिकागोजवळ राहते, जानेवारीत तिचं पहिलं बाळंतपण आहे. व्हिसा झालाय, जावयांनी डिसेंबरच्या मध्याचं तिकीट काढलंय, मुक्काम सहा महिन्यांचा. घरी ८४ वर्षांच्या सासूबाई आहेत. त्या काठी टेकत घरातल्या घरात फिरतात, पण रात्री उठल्या की सोबत लागते. यजमान शेती बघतात, त्यांना साखरेचा त्रास आहे. "तू जा, मी बघतो," असं ते म्हणतात, पण चहासुद्धा त्यांनी कधी स्वतः करून घेतलेला नाही. मुलगा-सून पुण्यात नोकरीला. थोरल्या जाऊबाई त्याच गावात वेगळ्या राहतात. त्या चारचौघींत म्हणाल्या, "म्हातारीला टाकून चाललीय अमेरिकेला." ताई विचारतात, "मागे सासूबाईंचं काही बरंवाईट झालं तर मी तोंड कसं दाखवू? आणि लेक परमुलखात एकटी बाळंत झाली तर तिला काय सांगू? तिकीट रद्द करू का? जायचंच ठरलं तर मागचं सगळं कसं लावून जाऊ?"

ताई,

तुमचं पत्र सावकाश वाचलं. तीन पानांत तुम्ही घरातल्या प्रत्येकाची गैरसोय लिहिली आहे. सासूबाईंची, यजमानांची, लेकीची, अगदी दारातल्या गाईचीसुद्धा. तुमच्या स्वतःबद्दल एकच ओळ आहे, तीही शेवटी: "विमानात बसायची लहानपणापासून हौस होती, आता नुसती भीती वाटते." ती ओळ मी बाजूला ठेवत नाही, तिच्याकडे येते. आधी एक विचारते. सासूबाईंना तुम्ही स्वतः, त्यांच्याजवळ बसून विचारलंय का, की "मी लेकीकडं जाऊ का?"

पत्रात त्यांचं वय आहे, काठी आहे, औषधं आहेत, पण त्यांचं म्हणणं कुठेच नाही. जाऊबाईंचं आहे. ज्या बाईने स्वतः घरातली बाळंतपणं केली, लेकीला पहिल्या खेपेला आई जवळ लागते हे जिला कुणी सांगायची गरज नाही, तिला आपण न विचारताच "टाकून दिलेली म्हातारी" ठरवून मोकळे झालो. कदाचित त्या म्हणतील, "जा बाई, लेकरू एकटं हाय तिकडं." कदाचित म्हणतील, "मला भ्या वाटतं, जाऊ नको." दुसरं उत्तर आलं तरी घाबरू नका. कशाची भीती वाटते ते विचारा. रात्री पडण्याची? परक्या बाईकडून अंघोळ घालून घेण्याची? की तुम्ही परत येईपर्यंत आपण असू का याची? या तिन्हींना वेगवेगळी उत्तरं आहेत. न विचारता मनात धरून ठेवलेल्या भीतीला मात्र काहीच करता येत नाही.

दुसरी गोष्ट. माझ्यावाचून घर चालणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. आजच्या घडीला ते खरंच आहे, मी त्यावर वाद घालणार नाही. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, ते कधी सुटेल याचा अंदाज तुम्हाला आहे. मोटार किती वेळ चालवायची, आधी खालचा हौद की वरची टाकी, प्यायचं कोणतं आणि वापरायचं कोणतं, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला पाजावं लागलं. त्या जिल्ह्यातल्या बाईला पाण्याचा हिशेब कुणी शिकवावा लागत नाही. पण तो हिशेब घरात दुसऱ्या कुणालाच येत नाही, कारण दुसऱ्या कुणावर तो कधी पडलाच नाही. तुम्ही वर्गावर होतात तेव्हा रजेवर जाताना पाठ कुठवर आलाय हे दुसऱ्या गुरुजींना लिहून देऊन जात होतात. घराचं तसं कधी केलं नाही, एवढाच फरक आहे.

तेव्हा तयारी बॅगांपासून सुरू करू नका. घर हवाली करण्यापासून करा, आणि तीही तुम्ही घरात असतानाच. दिवाळी झाली की तीन आठवडे असे ठेवा, की तुम्ही घरात आहात पण हात लावत नाही. यजमानांनी सासूबाईंना सकाळच्या गोळ्या द्यायच्या, पाणी आल्यावर मोटार लावायची, गॅस संपला की सिलिंडर नोंदवायचा. चुकतील. हौद वाहून जाईल, दूध उतू जाईल. तुम्ही उठायचं नाही, बसल्या जागेवरून सांगायचं. हे फार अवघड जाईल तुम्हाला. शिकागोला पोचल्यावर रात्री अडीच वाजता फोनवरून हेच सांगण्यापेक्षा मात्र सोपं आहे. भाकरी-भाजीला बाई याच काळात लावा, म्हणजे तिची चव आणि सासूबाईंची जीभ यांची ओळख तुमच्यासमोर होईल.

सासूबाईंसाठी रोजची एक बाई लागेल, अंघोळ घालायला आणि दुपारी सोबतीला. लेकाकडून अंघोळ घालून घेणं त्यांना जमणार नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. रात्रीचा प्रश्न वेगळा आहे. म्हातारी माणसं पुष्कळदा रात्री बाथरूमला जाताना अंधारात, ओल्या फरशीवर पडतात. त्यावर साधा उपाय म्हणजे पलंगाशेजारी कमोडची खुर्ची. लातुरात औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते. त्यांना आवडणार नाही, "माझ्या खोलीत हे काय आणलं" म्हणतील. तुम्ही असताना आणा, तुमच्या हाताने सवय लावा. खोलीत रात्रभर मंद दिवा, पलंगाच्या बाजूला भिंतीत धरायला नळी, आणि उशाशी एक घंटी. पितळेची देवघरातली चालेल. यजमान शेजारच्या खोलीत नको, त्याच खोलीत झोपू द्या.

आता जाऊबाई. तुम्हाला त्यांचं बोलणं लागलं, लागणारच. पण मला त्या वाक्यामागे त्यांची स्वतःची धास्ती दिसते. तुम्ही गेलात की म्हातारीचं सगळं आपल्या अंगावर पडणार, असं त्यांना वाटत असणार, आणि ते सरळ बोलायची सोय आपल्या घरांत नसते. म्हणून त्यांना "लक्ष ठेवा हं" असं मोघम सांगू नका. मोघम कामाला शेवट नसतो, म्हणून माणूस त्याला भितो. ठरावीक काम मागा. "बाई लावलीय, रात्री हे आहेत. तुम्ही फक्त संध्याकाळी अर्धा तास येऊन त्यांच्याजवळ बसाल का?" एवढंच. नाही म्हणाल्या तर नाही. तुमचं जाणं त्यांच्या होकारावर ठेवू नका.

आणि पुणे? मुलगा-सुनेचा उल्लेख पत्रात एका ओळीत आहे, "ते नोकरीवाले, त्यांना कशाला त्रास." का म्हणून? आजी मुलाचीही आहे. महिन्यातून एक शनिवार-रविवार त्याने गावी यायचं, असं ठरवता येतं. वेळ अमावस्येला तुम्ही नसणार. त्या दिवशी सगळ्यांनी शेतात जायचं, भज्जी आणि अंबिलाचा नैवेद्य करायचा, सासूबाईंना गाडीत बसवून न्यायचं, ही जबाबदारी यंदा सुनेकडे द्या. तिला भज्जी येत नसेल तर सासूबाई बसून सांगतील. त्यांना सांगायला कुणीतरी लागतंच.

पत्रातली सगळ्यात जड गोष्ट आता. मागे बरंवाईट झालं तर? हा प्रश्न आपण मनात सारखा घोळवतो, पण घरात मोठ्याने बोलत नाही, अभद्र वाटतं म्हणून. माझं म्हणणं आहे की जायच्या आधी बोला. यजमान, मुलगा, दीर-जाऊ, सगळ्यांनी एकदा बसावं. सासूबाई आजारी पडल्या तर कोणत्या दवाखान्यात न्यायचं, पैसे कुणाच्या खात्यातून, रात्री गाडी कुणाची, हे ठरवा. आणि वेळ आलीच तर अंत्यविधीसाठी तुमची वाट बघायची नाही, हेही ठरवा. शिकागोहून निघून विमानं बदलत हैदराबाद किंवा मुंबई, आणि तिथून गाडीने गाव, यात तिकीट लगेच मिळालं तरी दीड-दोन दिवस जातात. तुम्ही दिवसांच्या आत पोचाल, दशक्रियेला असाल. हे आधी बोललेलं असलं की त्या क्षणी फोनवर कुणी कुणाला दोष देत नाही. तिकीट तारीख बदलता येईल असं आहे का, हे जावयांना आजच विचारा. नसेल तर थोडे पैसे भरून तसं करून घ्या. या एका गोष्टीवर पैसे वाचवू नका.

तुम्ही सेवेत कमी पडाल म्हणून मृत्यू येईल असं नसतं, ताई. तुम्ही शेजारच्या खोलीत असतानाही तो येतो. इतकी वर्षं तुम्ही त्यांचं केलंत, ते तीन महिन्यांच्या गैरहजेरीने पुसलं जात नाही.

हो, तीन महिने म्हणाले मी. सहा महिने कुणी ठरवले? व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती राहायचं हे तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. आय-९४ नावाची ती नोंद असते आणि साधारण सहा महिन्यांपर्यंतची तारीख मिळते. सहा ही परवानगीची वरची मर्यादा झाली. ती भरून काढलीच पाहिजे असं काही नाही. अधिकाऱ्याने विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा: मुलीकडे आलेय, तिला बाळ होणार आहे, अमुक तारखेचं परतीचं तिकीट आहे. आणि मिळालेल्या तारखेच्या पुढे एक दिवसही राहू नका.

मला विचाराल तर डिसेंबरच्या मध्यापासून पाडव्याच्या सुमारापर्यंत राहा. बाळंतपणाच्या आधीचे दिवस, पहिला सव्वा महिना आणि पुढे थोडी घडी बसेपर्यंतचा काळ त्यात येतो. पाण्याची खरी ओढ एप्रिल-मेमध्ये लागते, तोवर तुम्ही घरी असाल. तुमच्या विहीणबाई पाडव्यानंतर गेल्या तर लेकीला दोघींचा मिळून सहा महिन्यांचा आधार होतो आणि तुम्हा दोघींपैकी कुणाचंच घर फार काळ उघडं पडत नाही. त्यांच्याशी कुणी बोललंय का, हे पत्रावरून कळत नाही. लेकीला त्यांच्याशी बोलायला सांगा, किंवा तुम्हीच बोला.

लेकीलाही एक विचारायचंय: "तुला माझ्याकडून काय हवंय?" काही मुलींना आईच्या हातचं गरम जेवण हवं असतं, काहींना रात्री बाळ घ्यायला कुणी हवं असतं, काहींना नुसतं माहेर शेजारी हवं असतं. साधं बाळंतपण झालं तर तिथे एक-दोन दिवसांत घरी पाठवतात, त्यामुळे पहिला आठवडा सगळ्यांचीच दमछाक होते. तिथले बालरोगतज्ज्ञ आणि आपले यांच्या सांगण्यात फरक असतो. बाळाला पाठीवरच झोपवायचं, जवळ उशी-पांघरुणं ठेवायची नाहीत, याबाबत तिकडे फार कडक असतात आणि ते बाळाच्या जिवासाठीच आहे. तिथे लेकीचं ऐका. शेक-शेगडी, धुरी मात्र अजिबात नको. बंद घरात कोळसा पेटवला की विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि हिवाळ्यात तिथे खिडक्या बंदच असतात. छताला धुराची घंटाही असते, ती वाजली की सगळी इमारत गोळा होते. तेल लावा, कोमट पाण्याची अंघोळ घाला, ओव्याचं पाणी द्या, एवढ्याने भागतं.

बॅगेत काय, हे बहुतेकींना आधी हवं असतं, म्हणून तुमच्यासारख्या इतर ताईंसाठीही सांगते. डिंकाचे लाडू न्यायचे असतील आणि विमान दुबई किंवा अबुधाबीवरून जाणार असेल तर लाडवात खसखस घालू नका. तिथे खसखस अमली पदार्थात धरतात आणि ती सापडली म्हणून लोक तुरुंगात गेलेत. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलच्या गोळ्या यांचंही तिथे तसंच. खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेता येत नाहीत, त्यांच्यातल्या तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या वस्तूंत मोजतात. मांस, ताजी फळं, भाज्या, पेरायचं बी अमेरिकेत नेऊ नका. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, पापड नेता येतात, पण खाण्याचं जे काही असेल ते फॉर्मवर किंवा विचारतील तिथे सांगायचं. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतील, लपवलेलीला दंड आहे. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, खालच्या सामानात चालत नाही.

तुमची थायरॉइडची गोळी मूळ पाकिटात ठेवा, डब्यात सुट्ट्या काढून नेऊ नका. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या आणि कंपनीच्या नावाबरोबर लेव्होथायरॉक्सिन हे मूळ औषधाचं नावही लिहून घ्या, तिकडे कंपनीचं नाव कुणी ओळखणार नाही. तिथे स्वतःपुरती साधारण तीन महिन्यांची औषधं नेण्याची रीत आहे, हेही तीन महिन्यांच्या बाजूने पडतं. निघायच्या किमान दोन आठवडे आधी डांग्या खोकल्याची टीडॅप लस आणि फ्लूची लस घेऊन ठेवा, नवजात बाळाजवळ राहणाऱ्यांना तिथले डॉक्टर ती विचारतात. प्रवासाचा विमा काढाच. काढताना एकच गोष्ट नीट वाचा: आधीपासून असलेल्या आजाराचं अचानक काही झालं तर तो खर्च देतात की नाही. तिथला दवाखाना खिशातून परवडत नाही.

पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो. तुम्ही डिसेंबरात निघताय, तेव्हा तो देऊनच निघा, राहू देऊ नका. मोबाईलचं सिम चालू ठेवा, रोमिंगबद्दल कंपनीकडे विचारून घ्या, कारण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. सोनं लॉकरमध्ये, गळ्यात मंगळसूत्र पुरे. तिकीट मुंबईहून असेल तर हैदराबादहून मिळतंय का बघायला सांगा, तुमच्या बाजूने ते जवळ पडतं. आणि तिकिटावर व्हीलचेअर नोंदवून घ्या. पाय चांगले असले तरी. विमान बदलताना एवढ्या मोठ्या विमानतळावर योग्य दारापर्यंत सोबतीला माणूस मिळतो, आणि बऱ्याच ताईंची निम्मी भीती तीच असते.

तिथे गेल्यावर एकटेपणा येईल, हे आत्ताच सांगते. जानेवारीत शिकागोला साडेचारच्या सुमारास दिवस मावळतो, बाहेर बर्फ, ओट्यावर बसून बोलायला कुणी नाही. तुमचे सकाळचे नऊ म्हणजे घरचे रात्रीचे साडेआठ. सासूबाईंचं जेवण झालेलं असतं, ती वेळ त्यांच्या फोनची ठेवा. मार्चच्या मध्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, मग घरी साडेसात वाजलेले असतील.

तुमच्या हौशेची ओळ राहिली होती. खिडकीची जागा मागून घ्या. जावयांना सांगायला संकोच वाटत असेल तर लेकीला सांगा, ती करेल. नातवंडाच्या कामाला निघालेल्या बाईने हौस करू नये असा कुठे नियम नाही, आणि ५९ हे काही हौस गुंडाळून ठेवायचं वय नाही.

तिकीट आत्ता रद्द करू नका. या आठवड्यात तीन माणसांशी बोला: सासूबाई, पुण्याचा मुलगा, विहीणबाई. या क्रमाने. सासूबाईंशी बोलताना घरात दुसरं कुणी नसेल अशी दुपार बघा, त्या लेकासमोर मनातलं बोलणार नाहीत. त्या ठाम नको म्हणाल्या तर मला पुन्हा लिहा, कारण मग प्रश्न बदलतो आणि लेकीसाठी दुसरी सोय बघावी लागेल. हो म्हणाल्या तर कमोडची खुर्ची दिवाळीआधीच आणून ठेवा.